सगळ्यांत शेवटी पोचलेली तुकडी

नववीत नापास झाल्यावर मी शाळा सोडणारच होते, पण वर्गाच्या बाईंनी मला बैहरच्या लष्करी शिबिरात पाठवलं. तिथं सगळीच माझ्यासारखी, शाळा सुटायच्या बेतात असलेली मुलं होती. शिबिर चालवणाऱ्या निवृत्त सुभेदारांनी मला तुकडीप्रमुख केलं.

डोंगर चढताना तुकडीतला उकवा गावचा एक धिप्पाड मुलगा खाली बसला.

"काहून बसला?" मी विचारलं.

"बूट चावून राह्यला."

मी त्यालाच पुढे ठेवलं आणि बाकीच्यांना बजावलं, "याच्या पुढं कोणी जायचं नाही."

आम्ही सगळ्यांत शेवटी पोचलो.

"सबसे पीछे क्यों?" सुभेदारांनी विचारलं.

"सब साथ में आए, साहब," मी ताठ उभी राहून म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही तुकडी त्यांनी माझ्याकडेच ठेवली. जूनमध्ये मी पुन्हा नववीत जाऊन बसले.