आत्याचा दहावा धडा

माझ्या आत्याइतका संकोचाचा वैरी अख्ख्या रायपुरात दुसरा सापडायचा नाही. मुलींच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. प्रजननाचा दहावा धडा आला की बाकीच्या शिक्षिका "ये घर में पढ़ लेना" म्हणून पुढच्या धड्यावर उडी घेत. आत्या मात्र तोच धडा इतक्या खणखणीत आवाजात शिकवी, की शेजारच्या वर्गातलं गणित बंद पडे. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, तेलीबांधा तलावाकडे इमारती उठल्या, आत्या निवृत्त होऊन तिथल्या फ्लॅटमध्ये राहायला गेली, पण धडा काही संपला नाही. हळदीकुंकवाला वाण घेता घेता ती एखाद्या आईला गाठायची, "पोट्ट्याचा आवाज फाटून राहिला. त्याले कोणी काही सांगितलं का?" त्या माउलीच्या हातातला तिळगूळ हातातच राहायचा. पंडरीच्या कापडबाजारात साडी बघताना दुकानदाराने सुनेला दिवस गेल्याचं सांगितलं, तर आत्याने साड्या बाजूला सारून त्याला आणि गिऱ्हाइकांना तिसऱ्या महिन्यापर्यंतची सगळी माहिती दिली. बाबा ती येताना दिसली की पेपर उघडत, कधीकधी उलटा.

रविवारी दुपारी ती इमारतीतल्या मुलींना बोलावून तक्ते लावून शिकवायची. एकदा शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी मागे थांबली आणि खाली बघत म्हणाली, "दादी, वो वैसी वाली फोटो मांग रहा है. बोलता है, प्यार है तो भेज."

तक्त्यावर याचं उत्तर कुठेच नव्हतं. आत्याने विचारलं, "तुले आवडते का तो?"

"हाँ."

"मग त्याले नाही म्हण. अन् पाह्य, तो काय करते."

मुलीने नाही म्हटलं. त्याने आधी विनवण्या केल्या, मग टोमणे मारले, शेवटी बोलणंच टाकलं. मुलगी आत्याकडे येऊन हमसून रडली. आत्याने त्या दिवशी काही शिकवलं नाही. पोहे केले आणि ती खाईपर्यंत शेजारी बसून राहिली. मग मला बोलावून घेतलं. मोबाइलवर पोरं काय बोलतात, फोटो कसे पसरतात, तक्रार कुठे करायची, सगळं खोदखोदून विचारलं. "गर्भाशय कुठं असते ते मी जन्मभर शिकवलं," ती म्हणाली, "नाही कसं म्हणाव, अन् ते ऐकून कसं घ्याव, हे शिकवलंच नाही." पुढच्या रविवारपासून पोट्टेही वर्गात बसू लागले. दाराजवळ, पळायच्या बेताने, पण बसले.

एका संध्याकाळी तलावाकाठी बसलो असताना मी विचारलं, "आत्या, तुला हे सगळं कोणी शिकवलं गं?"

"कोणीच नाही. लग्न झालं तवा मले काईच माहीत नव्हतं. तुहे आतोबा भले माणूस, म्हणून निभलं. पण वर्षभर मी त्याईले भेत होती."

आतोबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"त्याईले एक डाव विचाराचं राहूनच गेलं," ती म्हणाली, "की तुमालेही भेव वाटे का?"