मिसळणाच्या डब्यातला शुक्रवार

नाना गेला त्याला आता सव्वा महिना झाला. गुरुवारी दुपारी जेवून ओट्यावर बसला, माझ्या बायकोला म्हणाला, "सुनंदा, आमटी झकास झाल्ती," आणि भिंतीला टेकला तो टेकलाच. हृदयविकार, असं डॉक्टर म्हणाले. दहाव्याला भावकीतले आप्पा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सुटला बिचारा." माझं डोकं तिथंच सरकलं. "कशातनं सुटला, आप्पा? आमटीतनं?" मी सगळ्यांदेखत ओरडलो. सुनंदानं मला बाजूला ओढलं. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलोय.

नाना माझा थोरला भाऊ. घोटावड्याच्या एका कारखान्यात कामाला होता, तेव्हा त्याला आवाज ऐकू यायला लागले. तुझ्या जेवणात कुणीतरी काहीतरी कालवतंय, असं ते सांगायचे. त्यानं जेवण सोडलं. भावकीनं अंगारे सुचवले, मी त्याला पुण्यात मनोविकारांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया, आणि रोज दोन गोळ्या लिहून दिल्या. मी आमच्या माले गावचा तांदूळ हिंजवडीच्या सोसायट्यांत विकून वर आलेला माणूस; समोरच्यानं आकडा सांगितला की निम्म्यावर आणायचा, ही हाडाची सवय. म्हटलं, "बाई, एकीत भागवा की." त्या हसल्या. "हा तांदळाचा भाव नाही हो."

काही महिन्यांत नाना पोटभर जेवायला लागला. मी विचारलं, "नाना, आवाज गेलं का रं?"

"हायेत की. पन आता कोपऱ्यात बसत्यात, पाव्हण्यावानी. चा बी मागत न्हाईत."

मग रविवारी तो माझ्याबरोबर टेम्पोतून यायला लागला. मी सोसायटीच्या गेटवर सांगायचो, "मॅडम, इंद्रायणीचं शेवटचं पोतं हाय." मागून नाना म्हणायचा, "घरी अजून वीस हायेत." मॅडम खळखळून हसायच्या. "दादा, तुम्ही गप्प बसा. तुमचे भाऊ सांगतील तोच भाव." परतताना पौड येईपर्यंत मी त्याला शिव्या घालायचो आणि तो खिडकीतून हात बाहेर काढून वारा खात बसायचा. पण खरं सांगतो, त्याच्या खरेपणावर माझी गिऱ्हाइकं दुप्पट झाली.

गोळ्यांनी एक मात्र झालं. त्याचे हात थरथरायचे, चहा बशीत सांडायचा, सकाळी उठवता उठत नसे. मला बघवेना. आणि माझी अक्कल चालली... मी कुणाला न सांगता गोळ्या अर्ध्या करून द्यायला लागलो. पहिले काही आठवडे नाना तरतरीत दिसला. मी मनात म्हटलं, बघा, जमला की सौदा! मग ऐन भातकापणीत तो सुनंदाच्या हातची भाकरी हुंगून खाली ठेवायला लागला. एक दिवस घरातून गेला, तो हिंजवडीच्या चौकात सापडला. कंपन्यांच्या गाड्या अडवून प्रत्येक ड्रायव्हरला विचारत होता, "तुला कुनी धाडलं?"

तीन आठवडे तो दवाखान्यात होता. मी बाईंना सगळं सांगितलं. वाटलं, हाकलून देतील. त्या म्हणाल्या, "घासाघीस करायची तर माझ्यापुढे बसून करा, त्यांच्या पाठीमागे नको. हात थरथरतात, हे तुम्ही मला कधी सांगितलंच नाही." आणि त्यांनी औषध बदललं. रोज सकाळी एकच गोळी. थरथर हळूहळू गेली. म्हणजे मी मागितलेला भाव मिळत होता, फक्त मी चुकीच्या दारात उभा होतो.

घरी आल्यावर नानानं सुनंदाचा मिसळणाचा डबा मागून घेतला. आत सात वाट्या, आठवड्याचे सात वार, मधली रविवारची. पाकिटातून एकेक गोळी कात्रीनं कापून, चांदीच्या कागदासकट तो वाटीत ठेवायचा. कागद कशाला, तर मला अर्धी करता येऊ नये म्हणून! आणि रोज चहानंतर ती गोळी फक्त सुनंदाच्या हातून घ्यायचा. मी हात पुढे केला की म्हणायचा, "तुझ्या हातनं न्हाई." नऊ वर्षं! दवाखान्याच्या फेऱ्या माझ्या, टेम्पो माझा आणि मान सुनंदाचा. मी धुसफुसायचो, ती पदर तोंडाला लावून हसायची.

या वर्षी ती लेकीच्या बाळंतपणाला गेली. नाना गोळी स्वतःच घेईल, असं मी धरून चाललो होतो. पहिल्या सकाळी तो डबा घेऊन माझ्यासमोर बसला आणि तळहात पुढे केला.

"दे. पन अख्खी."

माझ्याच्यानं कागद फाटेना. आता माझे हात थरथरत होते. "हळू," तो म्हणाला, "तुला बी गोळी लागतीया का काय!" गोळी घेतली, पाणी प्यायला आणि दवाखान्यात नर्सला दाखवतात तशी जीभ बाहेर काढून दाखवली. दोघंही ठसका लागेपर्यंत हसलो. सुनंदा महिन्यानं परतली, तरी तो डबा माझ्यासमोरच आणत राहिला. त्या गुरुवारीसुद्धा.

आप्पा, तो कशातूनही सुटला नाही. मजेत जगत होता.

परवा सुनंदानं विचारलं, "डबा घासू का? मोहरी-जिरं भरीन म्हन्ते." मी नाही म्हणालो. आता सकाळी चहा झाला की ती डबा माझ्यासमोर आणून ठेवते. मी झाकण उघडतो. शुक्रवारच्या वाटीतली गोळी बोटानं चाचपून बघतो.

अख्खी आहे, नाना.