रेंज किती?

जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये रेंज मिळत नाही. ही तक्रार नव्हे, माझ्या मुलीच्या पराभवाचं कारण आहे.

माझ्या लेकीच्या, म्हणजे मैत्रीच्या, शाळेची ऑनलाइन गणित स्पर्धा होती. नऊ प्रश्न मुलांना, दहावा पालकांना (ही कल्पना ज्याला सुचली, त्याला मुलं नसावीत). मैत्रीनं आठवडाभर, मला झेपेल अशा मराठीत, माझी घासूनपुसून तयारी करून घेतली. "पप्पा, विस्तार म्हणजे?" "सगळ्यात मोठ्या संख्येतून सगळ्यात लहान वजा." झोपेतून उठवलं तरी सांगत होतो.

तिचे नऊच्या नऊ प्रश्न बरोबर आले. ती आणि अंतिम फेरी यांच्यामध्ये आता फक्त मी उरलो होतो.

पालकांच्या वेळी मुलांनी तोंड उघडायचं नाही, असा नियम. मॅडमनी प्रश्न सुरू केला, "पाच दिवसांचं सोलापूरचं तापमान... बेचाळीस... खर्र... चाळीस..." आणि आवाज तुटला. मग एकदम स्वच्छ ऐकू आलं, "सांगा मैत्रीचे पप्पा, रेंज किती?"

मॅडमना माझी अडचण न सांगता कळली, म्हणून मला भरून आलं. मोबाइलच्या कोपऱ्यात पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "दोन काड्या, मॅडम."

पलीकडे चाळीस घरं हसली. मैत्रीनं कपाळावर हात मारला.

"हसायला काय झालं? खरंच दोन आहेत," मी म्हणालो.

वेळापूरहून आलेली माझी आई म्हणाली, "आरं, गच्चीवर जा की. तितं लई रेंज घावती." मला पटलं. लिफ्ट बंद, तीन मजले, पायात एकच चप्पल! वर पोचलो आणि धापा टाकत सांगितलं, "मॅडम, आता चार!"

मॅडमनी हातातला कागद पाहिला. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. त्रेचाळीस वजा एकोणचाळीस, चार. पण आम्ही पहिलंच उत्तर धरतो."

खाली आलो तर मैत्री रडत होती. "पप्पा, रेंज म्हणजेच विस्तार हो." मुलीला हौसेनं सेमी-इंग्रजीला घातलं आणि तिथला नेमका एक शब्द मला आला नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईनं तिला जवळ घेतलं. "ह्यो विस्तार काय आसतो गं?"

मैत्री डोळे पुसत म्हणाली, "आपल्या घरातली सगळ्यात जास्त अक्कल घ्यायची आणि त्यातून सगळ्यात कमी वजा करायची."

"मग लई मोठा हाय की," आई म्हणाली.

वजा कुणाला करायचं, हे तिनं विचारलंसुद्धा नाही.