आमच्या घरातून कुणी कुठे जात नाहीये

आमच्या घरात एक नियम आहे. काम होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. नोकरी असो, लग्न असो, नवा फ्लॅट असो. बोललं की दृष्ट लागते, असं आई म्हणते. बोललं की लोक चौकशा करतात, असं बाबा म्हणतात. बाबा एका सरकारी कार्यालयात व्हिजिलन्सला आहेत. दिवसभर दुसऱ्यांच्या फायलींत खोट शोधायची आणि संध्याकाळी दिल्लीच्या मयूर विहारला मेट्रोतून उतरून भाजीवाल्याच्या काट्यात शोधायची, यात त्यांची तीस वर्षं गेली. ताकही फुंकून पितात म्हणावं, तर हे ताक मुळात पितच नाहीत.

त्यामुळे इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात मला एम.एस्सी.साठी प्रवेश मिळाला, तेव्हा ती बातमी आमच्या तीन खोल्यांबाहेर गेली नाही. महाराष्ट्र मंडळातल्या काकूंनाही नाही. समोरच्या आंटी लिफ्टमध्ये विचारायच्या, "बेटा, आगे का क्या सोचा?" मी सांगायचे, बँकेच्या परीक्षांची तयारी चालली आहे. त्यांनी भाचीची जुनी पुस्तकं आणून दिली. मी ती घेतली. लाज वाटली, पण घेतली.

माझा स्वतःचा संशय मात्र बाहेरच्यांवर नव्हता, बाबांवर होता. मी जाऊ नये असं ते एकदाही म्हणाले नव्हते, आणि तेच मला खटकत होतं. जो माणूस दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा वादाशिवाय मान्य करत नाही, तो एकुलती एक मुलगी परदेशी निघाली तर गप्प कसा? शिवाय माझा पासपोर्ट त्यांच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्यांच्या पाकिटात. प्रत्येक कागद ते तीन-तीनदा वाचायचे, पेन्सिल घेऊन. उद्या शेवटची तारीख आहे म्हटलं की, "बघू दे जरा." यार, किती बघणार माणूस? आणि फॉर्ममध्ये संपर्काचा नंबर लिहायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "तुझा फोन कायम सायलेंटवर. माझा टाक." मनात पाल चुकचुकली. तरी टाकला.

प्रवेश मिळाला म्हणजे सगळं झालं असं नसतं. विद्यापीठाकडून एक फोन येतो. मुलगी खरोखर शिकायला येते आहे ना, हे ते बोलून तपासतात. मग एक पत्र देतात आणि त्या पत्राशिवाय व्हिसाचा अर्जच करता येत नाही. असा फोन येणार आहे, हे मी बाबांना दोनदा सांगितलं होतं.

एका संध्याकाळी ते घरी आले ते खुशीतच. आई भेंडी चिरत होती. बूट काढता काढता म्हणाले, "आज एकीला असली झापली. एकदम प्रोफेशनल फ्रॉड. म्हणे, आपकी बेटी बाहर पढ़ने जा रही है, डेट ऑफ बर्थ कन्फर्म कीजिए. म्हटलं, मॅडम, आमच्या घरातून कुणी कुठे जात नाहीये. पुन्हा फोन केलात तर सायबर सेलला कळवीन."

आई हसली. मी फोन उचलला.

मेल उघडली. तासाभरापूर्वीच आली होती. तुम्ही प्रवेश घेत नसल्याचं तुमच्या घरून कळलं, सबब तुमचा अर्ज आम्ही बंद करत आहोत, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मी ती मोठ्यानं वाचून दाखवली. बाबा एक बूट हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "पण ती गुडगावहून बोलत होती. हिंदीत. विद्यापीठाचा फोन तिकडून यायला नको?"

"इथं ऑफिस आहे त्यांचं. मी सांगितलं होतं."

"लक्षात नाही राहिलं."

लक्षात राहिलं नाही! ज्यांना दहा वर्षांपूर्वीच्या फायलीचा नंबर पाठ असतो, त्यांच्या लक्षात राहिलं नाही. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, तुम्ही मुद्दाम केलंत. पहिल्यापासून तुम्हाला मी जायला नकोय. तोंडानं सांगायची हिंमत नाही, म्हणून हे असं. आई म्हणाली, "अगं, बाप आहे तो तुझा." मी म्हटलं, "म्हणूनच." बाबांनी हातातला बूट खाली ठेवला. त्यांनी भांडायला हवं होतं. ते भांडले नाहीत, म्हणून मला आणखीच खात्री पटली.

जेवण न करता ते डायनिंग टेबलवर मेल लिहायला बसले. सरकारी इंग्रजीत, 'सविनय निवेदन' छापाची. सगळा दोष स्वतःवर घेतलेली. त्यांनी तिच्यातही कुठे पाचर मारून ठेवली आहे का ते मी बघत होते, इतकी मी बिथरले होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रजा टाकली आणि फोन पुढ्यात ठेवून बसले. आंघोळीला जाताना तो माझ्या हातात देऊन जायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच बाईंचा फोन आला. वीस मिनिटं त्यांनी मला विषय, विद्यापीठ, शहर सगळं विचारलं. मग म्हणाल्या, मागच्या वेळी वडील वेगळं बोलले होते, त्यांना फोन द्या. बाबा खुर्चीवरून उठून उभे राहिले. "जी, मैंने ही मना किया था. बच्ची की कोई गलती नहीं. हाँ जी. जा रही है." मग फोन माझ्या हातात देऊन ते खाली बसले.

आठवड्याभरात पत्र आलं. आईनं देवापुढे साखर ठेवली. बाबा पेन्सिल घेऊन पत्र वाचायला बसले, पहिल्यांदा, मग दुसऱ्यांदा. माझा राग गेला होता, संशय गेला नव्हता. मी समोर जाऊन बसले आणि विचारलं, "बाबा, आता खरं सांगा. मुद्दाम केलंत?"

त्यांनी चष्मा काढला. "माहीत नाही," म्हणाले.

मला वाटलं होतं, ते नाही म्हणतील.

"फोनवर होतो तेव्हा ती फ्रॉडच वाटली. शपथेवर सांगतो. पण फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं गं. मेट्रोत बसून घरी येईपर्यंत फार बरं वाटत होतं. फ्रॉडवाल्याला झापल्यावर एवढं बरं नाही वाटत." ते पत्राची घडी घालत, उलगडत राहिले. "तू जावंस असं मला वाटतच नाही. पहिल्या दिवसापासून. दुसऱ्याची चूक मी एका वाचनात पकडतो. तुझे कागद तीनदा का वाचतो? कारण एखादी गोष्ट माझ्या हातून राहून गेली, तर ती चुकून राहिली की मी राहू दिली, हे मलाच कळणार नाही. आणि तेच झालं."

मग त्यांनी पत्र आणि सगळी फाइल माझ्याकडे सरकवली. "यापुढचं तू बघ. माझा भरवसा धरू नकोस."

मला रडू फुटलं. नाक पुसत मी फाइल परत त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "तिसऱ्यांदा वाचायचं राहिलंय तुमचं."