मुहूर्त बाजूला ठेवणारे मधुकरसर

गुजरातेत, पर्वत पाटिया भागातल्या कापडमार्केटच्या वरच्या मजल्यावर मधुकरसरांचा संगणकवर्ग भरत असे. तिथे आमची पहिली भेट झाली. धुळ्याहून आलेली मी तेव्हा संगणकाची पदवी मिरवत होते. सरांनी मला शिकवायला नव्हे, बघायला बसवलं. समोर जवळच्या कोसाड वस्तीतल्या सुनंदाताई, घरी मशीनवर भरतकाम करणाऱ्या आणि प्रथमच संगणक हाताळणाऱ्या. त्या चुकल्या तरी आपण माऊसला हात लावायचा नाही, ही अट. माझ्यासारख्या उतावळीला ती शिक्षाच होती. पण नव्या माणसाचं कुठे अडतं, हे मला त्या दुपारी कळलं.

जुन्या संगणकांवर चालणारी, मराठी-गुजराती बोलणारी मुक्त संगणकप्रणाली सरांनी आम्हा स्वयंसेवकांकडून घडवून घेतली. फुकट आणि आपल्या भाषेत, म्हणून ती कोसाडच्या घराघरांत पोचली. आम्ही मंडळी पक्की मुहूर्तवेडी. यंत्रांची पूजा दसऱ्याला, तर नवी आवृत्तीही दसऱ्यालाच. एका वर्षी तशी काढली आणि सुनंदाताईंच्या भरतकामाच्या मशीनला नक्षी पुरवणारा प्रोग्राम उघडेचना. दिवाळीच्या मागणीचे दिवस, शेजारीपाजारी आपापल्या कामात गुंतलेले. त्या सरांना आपल्या खान्देशी बोलीत एवढंच म्हणाल्या, "भाऊ, मन्हं काम बुडी जाई."

चूक कुणाची, हे सरांनी विचारलंही नाही. आमचे पेढे तसेच ठेवून ते कोसाडला गेले, जुनी आवृत्ती परत बसवली आणि मशीन चालू झाल्यावरच चहा घेतला. तेव्हापासून नवी आवृत्ती, दिवाळीनंतर गुजराती दुकानं पुन्हा उघडतात त्या लाभपाचमेनंतरच निघते. बाजार नुकता उघडलेला, धंदा अजून संथ आणि दिवाळीला खान्देशात गेलेली माणसं परतलेली. अडलं तर शेजारी विचारायला कुणीतरी असतं. जुन्या आवृत्तीलाही सर घाईने निरोप देत नाहीत.

यंदा सरांची साठी दिवाळीच्या तोंडावर आली आहे आणि नवी आवृत्ती तयार आहे. ती वाढदिवशीच काढून सरांना भेट द्यायचा आम्ही घाट घातला. मी तर हट्टालाच पेटले. एरवी मृदू बोलणारे सर म्हणाले, "वाढदिवस माझा आहे. सुनंदाताईंचा तो कामाचा दिवस आहे." विषय तिथेच संपला.

म्हणून साठीनिमित्तचा हा गौरवग्रंथ वेळेवर आणि आवृत्ती मागाहून. सरांना हात हलवत भेटायचं, याची मला रुखरुख होती. परवा सुनंदाताईंना तसं बोलले. हातातलं काम न थांबवता त्या म्हणाल्या, "मन्हं मशीन चालू शे, हाईच त्यासले भेट."

सर, अशा भेटी आपल्याला धडधाकट प्रकृतीने आणखी पुष्कळ वर्षं मिळत राहोत.