अकरा जोड ओले बूट

ठक्, ठक्, ठक्. लहानपणी मला जाग यायची ती या आवाजानं. वडील ओट्यावर बसून ओलं कातडं दगडावर ठोकत असायचे. ते गावाच्या चपला शिवायचे. माझी शाळा चौथीत सुटली, पण ओलं पायताण कसं वाळवायचं ते मी त्यांच्याकडे बघून शिकलो.

ते कॅनडात कामाला आलं. मुलगा इथल्या केंब्रिज गावात इंजिनियर. हिवाळ्यात दर शनिवारी ओळखीच्या पाच मराठी घरांतली मुलं एकाच व्हॅनमधून स्कीइंगला जायची आणि येताना ओले बूट आमच्या बेसमेंटमध्ये टाकायची. तिथं घर तापवणाऱ्या फर्नेसजवळ ऊब असते. बूट दुसऱ्या दिवशी वाळतात, किस्से तिथंच साचत जातात.

*

पहिल्यांदा नातीचे बूट आले तेव्हा सून हेअर ड्रायर घेऊन बसली होती. फार आच लागली की चिकटवलेलं सुटतं. मी तिला थांबवलं आणि आतला मऊ बूट, त्याला लायनर म्हणतात, तो ओढून बाहेर काढला.

मुलगा धावत आला. "बाबा, नवा बूट फाडलात?"

मी आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, ओले झाले की बदलले. सकाळी त्यानं आत हात घातला. कोरडा. पुन्हा घातला. मग दुसऱ्या बुटातही घातला. इंजिनियर आहे, एका बुटावर विश्वास ठेवत नाही.

*

फर्नेस तपासायला आलेला माणूस काम सोडून बूट मोजू लागला. अकरा जोड. घरात किती जण राहतात, त्यानं विचारलं. आम्ही चोरून भाडेकरू ठेवलेत असं त्याला वाटलं असावं.

"फोर पीपल," नात म्हणाली. "लॉट्स ऑफ फीट."

*

एकदा व्हॅनमध्ये बसवेना इतका वास सुटला. पाचही घरांचा एकमेकांवर संशय. शोध घ्यायला गोडबोले आले. ते पुण्याचे, बँकेतून रिटायर झालेले, नातू निनाद याच मुलांतला. दहा जोड त्यांनी वाकून वाकून हुंगले. निनादचे तेवढे सोडले.

मी निनादचा लायनर काढला. आत, अंगठ्याच्या जागी, फ्लॉवरची भाजी. कॅन्टीनमध्ये फ्राईज खाता याव्यात म्हणून पठ्ठ्यानं डबा बुटात रिकामा केला होता.

गोडबोल्यांनी वाकून भाजी नीट पाहिली. मग म्हणाले, "भाजी सूनबाईंनी केलीय. माझा संबंध नाही."

*

तान्ह्या बाळाला सर्दी झाली की आपण ओवा गरम करून पुरचुंडी जवळ ठेवतो. मी तशाच पुरचुंड्या बुटांत ठेवायचो. एक चुकून आतच राहिली आणि स्कीइंगच्या कोचला सापडली. फडक्यात बांधलेलं बी बघून तो गंभीर झाला. हे काय आहे, कुणी दिलं?

नात म्हणाली, आजोबांनी. बुटांना बरं नव्हतं.

पुढच्या शनिवारी अकराऐवजी बारा जोड आले. बारावा फार मोठा होता, आणि त्याची तब्येत खरंच वाईट होती.

*

त्या भाजीनंतर गोडबोले दर रविवारी बेसमेंटमध्ये चहाला येऊ लागले. घरी पाण्याचा पेलासुद्धा उचलत नाहीत, अशी त्यांच्या सुनेची तक्रार. आमच्याकडेही कप जागेवर ठेवून जायचे. पण गप्पा छान मारायचे. मध्येच विचारायचे, "तुम्ही कुठले सोनवणे?"

नाशिककडचे, मी म्हणायचो.

"नाशिककडे सोनवणे पुष्कळ."

हो, पुष्कळ.

मुलगा म्हणायचा, बाबा, सरळ सांगून टाका. पण माझ्या वयाचं, मराठी बोलणारं इथं ते एकच माणूस. ते यायचं थांबलं तर रविवार कसा काढायचा?

एका रविवारी निनादच्या लायनरची शिवण उसवलेली दिसली. मी पेटीतून वडिलांची कातडं टोचायची आरी काढली, दोऱ्याला मेण लावलं आणि शिवायला बसलो. गोडबोले माझ्या हातांकडे बघत होते. चहा निवला.

"हात बसलाय तुमचा," ते म्हणाले. "कुठं शिकलात?"

बुटांच्या कारखान्यात, असं म्हणता आलं असतं. पण आरी हातात होती.

"वडिलांकडे," मी म्हणालो. "गावाच्या चपला शिवायचे ते. मीही शिवल्यात."

मी शेवटचा टाका घातला, गाठ मारली, दोरा कापला. मान वर केली नाही.

गोडबोले उठले. आपला कप उचलला. मग वाकून माझा उष्टा कपही उचलला, आणि दोन्ही कप घेऊन जिना चढून वर स्वयंपाकघरात गेले.