पाचवा भाग आणि झाकलेले कान

वेलदोडे घातलेल्या चहाचा वास आला की सदाशिव पेठेतल्या अमृततुल्याबाहेरची ती दुपार आठवते. परग्रहावरच्या हिंस्र जनावराच्या भयपटमालिकेचा पाचवा भाग आम्ही तिघे नुकताच पाहून आलो होतो. आधीचे चारही भाग कॉलेजपासून एकत्रच पाहिले होते, आणि चहा हातात येईपर्यंत सिनेमावर बोलायचे नाही हा आमचा नियम होता. आता दोघे आयटीत होते, मी वर्तमानपत्रात. तिघांची सुट्टी जुळायला तीन आठवडे लागले. चहा आला तसा मी म्हणालो, "जनावर फारच दाखवलं. पहिल्या भागात नुसती शेपटी दिसली तरी हात गार पडायचे." "तुला जुनंच गोड लागते बे," अकोल्याचा मित्र म्हणाला, "याचा शेवट पाहा ना!" पेठेतला मित्र फुंकर घालत शांतपणे त्याला म्हणाला, "शेवटाचं राहू दे. छतातून ते खाली पडलं तेव्हा आम्ही दचकलो. आपण मात्र आधीच कान झाकून बसला होतात." अकोलेकराने ग्लासात पाहिले. "ऑफिसच्या पोरांनी नेलं मागच्या शुक्रवारी. नाही म्हणता आलं नाही." "मग आज कशाला आलास?" मी विचारले. "तुम्ही थांबले होते ना माझ्यासाठी." पेठेतल्या मित्राने तिघांच्या चहाचे पैसे दिले. पुढे सहाव्या भागाला तिघांची सुट्टी जुळली नाही, कोणी जुळवलीही नाही. गेल्या आठवड्यात आणखी एक नवा भाग आला. मी एकट्याने पाहिला. बाहेर येऊन चहा सांगितला, तो येईपर्यंत नियमाप्रमाणे गप्प राहिलो, आणि नंतरही.